एक रेघ, निर्धास्त राहा

पत्रकाचा कागद अर्धा असतो आणि छपाई एकाच बाजूला. हा नियम मला आमच्या संघटनेतल्या ताईंनी शिकवला. संघटना घरकाम करणाऱ्या बायकांची, लहानशी. ताई तिच्यातल्या सगळ्यात जुन्या. वीस वर्षं दुसऱ्यांच्या घरची कणीक मळून झाल्यावर त्या भाषणं करायला लागल्या, त्यामुळे त्यांची भाषणं लहान असत.

"मागची बाजू कोरी ठेवत जा," त्या म्हणायच्या. "बाया तिच्यावर किराण्याची यादी लिहितात. यादी लिहिली की कागद आठ दिवस घरात राहते. दोन्हीकून छापलं का गेलाच तो चुलीत."

दुसरा नियम, एका कागदावर एकच गोष्ट. तिसरा, 'शक्यतो', 'बहुधा', 'कदाचित' हे शब्द पत्रकात येत नाहीत. बाई उभ्याने वाचते, एका हातात पिशवी असते, तिला काय करायचं तेवढं सांगा. मी हे लवकर शिकले. कॉलेजात असताना मी लांबलचक लिहायची. संघटनेत आल्यावर तीन-चार महिन्यांत कुठलीही तक्रार अकरा ओळींत बसवायला लागले. वाक्य कापताना मला बरं वाटायचं. खरं सांगायचं तर अजूनही वाटतं.

त्या वर्षी आमची तक्रार शिंकेबद्दल होती.

कोविडची भीती लोकांच्या मनातून गेली होती, पण सगळ्यांच्या बाबतीत नाही. मनीषनगरच्या फ्लॅटांमध्ये मालकीण शिंकली की ती ऍलर्जी. बांधकामाची धूळ, एसी, लग्नातलं आइस्क्रीम, काहीही. स्वयंपाक करणारी बाई शिंकली की तो कोविड. आमच्यातली एक पोळ्या-भाजी करणारी होती. मिरचीची फोडणी देताना ती दोनदा शिंकली. मालकिणीने, जी स्वतः आठवडाभर स्कार्फ गुंडाळून खोकत होती, तिला सांगितलं, "चार दिवस येऊ नको." चारही दिवसांचा खाडा धरला. म्हणजे तेवढे दिवस कामावर आलीच नाही, असं समजून पगार कापला. फोडणी द्यायची म्हटलं की शिंक येणारच. जी बाई आयुष्यात स्वतः फोडणी देत नाही, तिला हे कुठून कळणार?

घरी करायचा कोविडचा किट आहे, तर तो आपण वापरू, ही कल्पना माझीच. नाकात काडी फिरवायची, पट्टीवर थेंब टाकायचे, पंधरा मिनिटं थांबायचं. एक रेघ आली की फोटो काढायचा आणि मालकिणीच्या फोनवर टाकायचा. घ्या. आता धरा खाडा. ताईंना कल्पना इतकी आवडली की त्या म्हणाल्या, "पोरी, हे तं आपलं ओळखपत्रच झालं."

आमच्या चौकातल्या मेडिकलवाल्याकडे किट होते, पण अगदी वरच्या फळीवर. त्याने स्टूलवर चढून फडक्याने धूळ झटकली.

"मॅडम, याले आता कोन विचारते? घेऊन टाका सारेच."

मी सगळे घेतले. एक्स्पायरीला अजून वेळ होता. एक घरी ठेवला, बाकी संघटनेत दिले, आणि बसले पत्रक लिहायला.

पहिल्या खर्ड्यात एक ओळ होती. किटच्या खोक्यात घडी घातलेला पातळ कागद असतो, मुंगीएवढ्या अक्षरांचा. त्यातूनच मी ती घेतली होती : पहिल्या दिवशी एकच रेघ आली तरी दोन दिवसांनी पुन्हा तपासा. सर्दी नुकतीच सुरू झाली असेल तर किटला काही सापडत नाही, म्हणून.

ती ओळ मी कापली. छापायला गेलं ते असं :

शिंक आली? घसा धरला?
नाकात काडी फिरवा. पंधरा मिनिटं थांबा.
दोन रेघा : कोविड आहे. घरी थांबा. खाडा धरू देऊ नका.
एक रेघ : कोविड नाही. निर्धास्त राहा. कामावर जा.

इतवारीतल्या प्रेसमध्ये टाकण्याआधी प्रूफ बाबांनी पाहिलं. माझं प्रत्येक पत्रक बाबा पाहतात. ते वीज खात्यात लाइनमन होते. तरुणपणी संध्याकाळी कामावरून आले की मैद्याची खळ करून भिंतींवर पोस्टरं चिकटवायचे. छापील कागद हातात आला की पेन्सिल शोधायची, ही त्यांची सवय तेव्हाची. त्या दिवशी त्यांनी 'निर्धास्त'चा अर्धा र नीट आला आहे का ते पाहिलं, आणि मग शेवटच्या ओळीवर पेन्सिल ठेवून विचारलं,

"एक रेघ आली म्हणजे संपलं का वं? मागं त्या दवाखान्यात माही दोनदा केली होती."

"तसं आहे बाबा. पण जागा नाही."

त्यांनी समासात एक बारीक प्रश्नचिन्ह काढलं. "पाहा मग. तुमचा कागद हाये."

मी प्रश्नचिन्ह खोडरबराने पुसलं आणि प्रूफ प्रेसला दिलं.

बाबांबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्यांच्या पोटात आईची किडनी आहे. आठ वर्षं झाली. आपल्या शरीराने ती परकी समजून फेकून देऊ नये म्हणून ते रोज सकाळ-संध्याकाळ गोळ्या घेतात, आणि त्या गोळ्यांमुळे त्यांची प्रतिकारशक्ती कायमची खाली असते. आपल्याला जी सर्दी होते आणि जाते, ती त्यांच्याकडे आली तर किडनीपर्यंत पोचू शकते. म्हणून आमच्या घरात कायदा आहे. ज्याला शिंक येईल त्याने पुढच्या खोलीत झोपायचं, मास्क लावायचा, बाबांपासून लांब बसायचं. कायदा आईचा. बाबा कधी पाणीपुरीच्या गाडीसमोर रेंगाळले तर आई मागून म्हणते, "माही किडनी हाये ती. चाला." बाबा चालू लागतात. यावर घरात कोणी हसत नाही. सवय झाली आहे.

पत्रकं वाटून दोन-एक आठवडे झाले असतील. मी नरखेडजवळच्या गावी मावशीकडे गेले होते. त्यांच्या बागेतली संत्री उतरत होती. येताना मावशीने पिशवीभर दिली. एसटीत माझ्या शेजारची खिडकी बंदच होत नव्हती, दोन-अडीच तास वारा तोंडावर. घरी पोचले तोवर घसा खरखरत होता आणि नाक गळत होतं. कारण माझ्याजवळ तयार होतं, खिडकी. मालकिणींजवळ एसी असतो, माझ्याजवळ एसटी होती.

दारात चप्पल काढता काढता शिंकले.

"काहून शिंकून राहिली वं?" आतून आई.

"खिडकीचा वारा लागला."

"वारा तुह्या जागी. मास्क लाव आन् पुढच्या खोलीत बस."

मी म्हटलं, थांब, किट आहे ना घरात. टेबलावर मांडला, हात धुतले, दोन्ही नाकपुड्यांत काडी पाच-पाच वेळा फिरवली, डोळ्यांत पाणी आलं. थेंब टाकले. फोनवर पंधरा मिनिटं लावली. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी, बाबा टीव्हीचा आवाज बंद करून खुर्चीत. सी या अक्षरासमोर रेघ उमटली. टी समोर काही नाही. पंधरा मिनिटं झाली तरी नाही.

मी पट्टी उचलून दोघांना दाखवली, जशी बायकांना दाखवायला शिकवलं होतं तशी.

"एक दिवस तरी थांब," आई म्हणाली.

आणि बाबा म्हणाले, "अवं, त्याईच्या पत्रकात काय लिहिलं हाये? एक रेघ, निर्धास्त राहा. पोरीनंच लिहिलं. काय कायदे काढून राहिली तू?"

मी मास्क काढून ठेवला. मला ती ओळ माहीत होती, मीच कापली होती. त्या संध्याकाळी ती मला आठवली नाही, असं मी अनेकदा स्वतःला सांगितलं आहे. आठवली होती. पण मी इतक्या बायकांना इतक्या ठामपणे सांगितलं होतं, की मला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं होतं. दुसऱ्याला पटवण्यासाठी लिहिलेल्या मजकुराचा हा गुण असतो. पहिल्यांदा लिहिणाऱ्यालाच पटतो.

बाबांना संत्रं फार आवडतं. पण संत्र्यात पोटॅशियम असतं आणि ते किडनीला जड जातं, म्हणून डॉक्टरांनी त्यांना दिवसाला अर्धं ठरवून दिलेलं. उरलेलं अर्धं माझं, हा आमच्या दोघांचा जुना करार. त्या संध्याकाळी आईने पाटोडी-रस्सा केला होता. जेवणानंतर मी बाबांच्या खुर्चीशेजारी मोढ्यावर बसले, मावशीच्या पिशवीतलं संत्रं सोललं, एक फोड त्यांच्या हातावर, एक माझ्या तोंडात. मध्येच दोनदा शिंकले, कोपरात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही तसंच.

तिसऱ्या दिवशी सकाळी आई खिडकीपाशी बसली होती. आईकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. बाबांच्या ऑपरेशनपासून घरात आलेल्या प्रत्येक औषधाच्या खोक्यातला कागद ती त्या डब्यात ठेवते. ठेवण्याआधी पूर्ण वाचते, भिंग लावून, दुपारी थोडा-थोडा. डॉक्टरांपेक्षा तिला जास्त माहीत आहे असं नाही, पण कुठल्या गोळीने तोंड कडू होतं आणि कुठलीने हात थरथरतात, ते तिला विचारावं. माझ्या किटचा कागदही तिने कचऱ्यातून काढून घेतला होता. हिंदीत होता. तीन दिवसांत शेवटापर्यंत पोचली.

"इकडं ये वं."

मी गेले.

"हे पाय. याच्यात तं लिहिलं हाये, लक्षण असनं आन् एकच रेघ आली, तं दोन दिवसानं परत करा म्हून."

तिने भिंग त्या ओळीवरच धरून ठेवलं होतं.

"तुह्या कागदात काहून नव्हतं मंग?"

मी मेडिकलमध्ये जाऊन किट मागितले. मेडिकलवाला म्हणाला, सगळे तुम्हीच नेले होते. इतवारीत होलसेलवाल्याकडून मागवतो, संध्याकाळी मिळतील. संध्याकाळी मिळाले. तोपर्यंत मी पुढच्या खोलीत दार लावून बसले होते. थेंब टाकले तशी दुसरी रेघ आली. पंधरा मिनिटं थांबायची गरजच पडली नाही, सीच्याही आधी टी उमटली. ठसठशीत, प्रेसवाल्याला अशी शाई कधी जमली नाही.

दारातून मी आईला सांगितलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"त्याईले संत्रं तूच देत होती नं?"

"हो."

"दोन्ही दिवस?"

"हो."

ती गेली. थोड्या वेळाने भांड्यांचा आवाज आला. ती माझं ताट-वाटी वेगळं काढत होती आणि बाबांचं दुसऱ्यांदा उकळत्या पाण्यातून काढत होती. उपयोग काहीच नव्हता. उशीर दोन दिवसांचा झाला होता, आणि भांड्यांचा त्याच्याशी संबंध नव्हता.

बाबा दाराबाहेर येऊन बसले. मी आतून म्हटलं, तिकडे जा. ते खुर्ची दोन हात मागे ओढून बसले.

"पण एकच रेघ होती नं वं पहिल्यांदा?"

"बाबा, ते मी चुकीचं लिहिलं होतं. माहीत असून."

"जागा नव्हती म्हणे."

मग मी त्यांना खरं कारण सांगितलं. दार बंद असलं की असं बोलता येतं. ती ओळ ठेवली असती तर मालकिणींनी तीच वापरली असती. दोन दिवसांनी परत तपासायचं ना, मग दोन दिवस येऊच नको, असं म्हणाल्या असत्या, आणि दोन्ही दिवसांचा खाडा धरला असता. आमचं हत्यार बोथट झालं असतं. मला एक रेघ म्हणजे शेवटचा शब्द हवा होता. म्हणून मी ती शेवटचा शब्द केली.

बाहेर खुर्ची करकरली. मग बाबा म्हणाले,

"मले समजलं होतं तवाच. एवढ्याशा कागदात 'निर्धास्त राहा' तं मावलं नं."

आणि खुर्ची उचलून टीव्हीपाशी गेले.

आईने बाबांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, रोज सकाळी टेस्ट करा, ताप मोजा, आणि पुसटशीही रेघ आली तर थांबू नका, लगेच घेऊन या. लवकर कळलं तर औषध देता येतं, पाचव्या-सहाव्या दिवसानंतर फारसा उपयोग नसतो. किडनीची व्यक्ती आहे, वाट पाहायची नाही.

पहिल्या सकाळी एक रेघ. दुसऱ्या सकाळीही एक. आता आमच्या घरात एका रेघेचा आनंद कोणालाच होत नव्हता. आई पट्टी खिडकीत ठेवायची आणि तिच्याकडे बघत राहायची, दूध उतू जाईल म्हणून पाहावं तशी. पंधरा मिनिटांनी म्हणायची, "आज नाही." 'नाही' नव्हे. 'आज नाही'. हे दोन शब्द अर्ध्या कागदावर सहज मावले असते.

तिसऱ्या सकाळी बाबांना घसा दुखायला लागला होता. त्यांनी ते आईला सांगितलं नव्हतं. आईला कळलं, कारण चहा त्यांनी गार करून घेतला. टेस्ट केली. मी दाराच्या फटीतून ऐकत होते.

"हाये," आई म्हणाली.

"कुठं हाये? सावली पडली ते."

"सावली नाही. रेघ हाये."

"अवं, छापताना शाई कमी पडली का असं होते. याले रेघ नाही म्हणत."

"शाई कमी पडली म्हणून अक्षर बदलते का? उठा. कपडे घाला."

"नऊ वाजता बातम्या…"

"माही किडनी हाये ती," आई म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज चिरकला. आठ वर्षांत पहिल्यांदा.

मी खिडकीतून पाहिलं. दोघं मास्क लावून ऑटोत बसले. बाबांच्या मांडीवर फायलींची पिशवी, आईच्या हातात ती पट्टी, रुमालात गुंडाळलेली. डॉक्टरांना दाखवायला. जशी आम्ही मालकिणींना दाखवायला शिकवत होतो.

तीन दिवस त्यांना सलाइनमधून औषध दिलं. एक गोळी, जी प्रतिकारशक्ती दाबते, ती डॉक्टरांनी थांबवली. थांबवली की किडनी नाकारली जाण्याची भीती, चालू ठेवली की आजार वाढण्याची. दोन्हींच्या मधून चालायचं होतं. आई तिकडेच राहिली. रोज दोनदा फोन करायची आणि आकडे सांगायची. ताप, ऑक्सिजन, क्रिएटिनिन. शेवटचा आकडा किडनीचा, रक्तात घाण किती राहिली ते सांगणारा. तो वर चढत होता. आई तो सगळ्यात शेवटी सांगायची आणि लगेच विचारायची, "तू जेवली का?"

मी खोलीत एकटी. उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा पलंगाखाली होता. त्यातलं एक काढून कोऱ्या बाजूवर नवीन मजकूर लिहायला घेतला आणि ताईंना फोन केला. झालेलं सगळं सांगितलं. त्यांनी आधी बाबांची चौकशी केली, नीट केली, मग म्हणाल्या,

"पण ती ओळ टाकली तं मालकिणींना आयतंच निमित्त भेटलं. दोन-दोन दिवस बसवतीन बायांना घरी."

"बसवू दे. बाई मास्क लावून जाईल, नाहीतर घरी बसेल, पण खाडा नाही. दोन दिवस थांबायचं तर ते पगारी. मागणीच ती करू."

"मानतीन का त्या?"

"नाही मानणार. पहिली मागणी तरी कुठे मानली होती?"

ताई थोडं हसल्या. मग मी म्हटलं, आणि वर एक ओळ टाकणार आहे. मागच्या पत्रकात आमची चूक होती.

"ते नको. पत्रकात माफी लिहीत नसतात. लोक म्हणतीन, यांचं हेबी चूक असन मंग."

"म्हणू दे."

"पोरी, तुले बापाची काळजी लागली हाये. आता नको ठरवू. बरी हो आधी."

मी फोन ठेवला. ताईंचं चुकत होतं असं मला वाटत नाही. लोक तसं म्हणतातच. दोन वर्षं मी बायकांना सांगत आले होते की तुम्हाला फसवणारे लोक अर्धी गोष्ट सांगतात. औषधाच्या जाहिरातीत सांगतात, करारावर सही घेताना सांगतात, मालकीण सांगते. या प्रत्येकावर मी पत्रक लिहिलं होतं. संताप मला लिहिता यायचा, आणि त्यात बहुतेक वेळा माझं बरोबरही असायचं. पण अर्धी गोष्ट सांगायला वाईट हेतू लागतो, असं मी धरून चालले होते. लागत नाही. चांगल्या हेतूनेही ती तितक्याच सफाईने कापली जाते.

बाबा घरी आले तेव्हा मी बरी झाले होते. दोन दिवसांच्या अंतराने दोनदा तपासलं होतं. तरी मास्क लावूनच दार उघडलं. ते बारीक दिसत होते. आईने पिशवीतून तिसऱ्या दिवसाचा रिपोर्ट काढून टेबलावर ठेवला. क्रिएटिनिन खाली आलं होतं, पण आधी जिथे होतं तिथे नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा तपासलं, तेव्हाही आकडा तोच. डॉक्टर म्हणाले, यावर चालेल. काही वर्षं याच आकड्यावर काढणारे पेशंट आहेत त्यांच्याकडे. आईने विचारलं, "काही म्हणजे किती?" डॉक्टरांनी फाइल बंद केली.

नवीन पत्रक दोन्ही बाजूंनी छापलं. ताईंनी माफीच्या ओळीला शेवटपर्यंत विरोध केला, आणि प्रेसमध्ये मात्र स्वतः आल्या, गठ्ठा उचलायला. मी मनीषनगरमध्ये जिथे जिथे जुनं दिलं होतं तिथे नवीन घेऊन फिरले. फोडणीला शिंकणारी ती स्वयंपाकाची बाई मला तिच्या कामाच्या बिल्डिंगखालीच भेटली.

"ताई, तुमच्या कागदानं लई काम केलं," ती म्हणाली. "परत शिंकली मी, तं किट केली, एक रेघ. फोटो दाखवला. मालकीण गपगार. बोललीच नाही. लई मजा आली."

"सर्दी होती का तेव्हा?"

"होती नं. कणकण बी होती."

"दोन दिवसांनी परत केली?"

"कायले? तुम्हीच तं लिहिलं, निर्धास्त राहा."

"घरात कोणी आजारी पडलं का मग? तुमच्या, किंवा वर त्यांच्या?"

तिने आठवून पाहिलं. "आमच्या घरी सारेच खोकून राहिले होते, पन ते तं थंडीतच. वरती मालकीण पहिल्यापासूनच खोकत होती. तिनं कुठं किट केली?"

हे खरं होतं. मालकिणीने केलीच नव्हती. माझा संताप पूर्वी होता तिथेच होता, आणि त्याच्या शेजारी आता ही दुसरी गोष्ट बसली होती. कोणाकडून कोणाला काय गेलं ते मला कधीच कळणार नाही. मी तिला नवीन पत्रक दिलं आणि वरची ओळ वाचून दाखवली. तिने कागद उलटून पाहिला.

"मांगं बी लिहिलं? आता यादी कुठं लिहू?"

"दुसऱ्या कागदावर लिहा."

"बरं," ती म्हणाली, आणि घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला.

बाबांनी हे पत्रकही तपासलं होतं. तेही सांगून टाकते. प्रूफ घेऊन ते खिडकीत बसले, पेन्सिल कानावरून काढली. पहिली ओळ, आमच्या मागच्या पत्रकात चूक होती, ती त्यांनी दोनदा वाचली. वाटलं, खोडतील. त्यांनी 'आमच्या' हा शब्द खोडला आणि पेन्सिल माझ्याकडे धरली. मी त्या जागी काय लिहायचं ते मला कळलं. पण पत्रक संघटनेचं असतं. मी 'आमच्या' परत लिहिलं. ते पुढच्या ओळीकडे वळले.

पुढचं सगळं वाचून झाल्यावर त्यांनी प्रूफ घडी न करता टेबलावर ठेवलं.

"संत्रं हाये का वं?"

मावशीने पुन्हा पाठवली होती. मी एक घेतलं, सोललं. मास्क काढला नाही. मोढा त्यांच्या खुर्चीपासून दोन हात लांब ठेवला होता. आकडा वर राहिल्यामुळे डॉक्टरांनी आता अर्ध्याचं पाव केलं होतं. मी फोडी वेगळ्या केल्या, दहा निघाल्या. दोन बशीत ठेवल्या, तिसरीशी घुटमळले. आई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती.

"तीन चालते," ती म्हणाली.

मी तिसरी ठेवली आणि बशी त्यांच्याकडे सरकवली. उरलेल्या सात माझ्या वाट्याला आल्या. बाबांनी त्यांच्या तीन सावकाश खाल्ल्या, बिया एकेक करून बशीच्या कडेला लावल्या, आणि माझ्या बशीकडे पाहिलं नाही.